खोका, भोक आणि नऊ व्होल्ट

गिटार घ्यायला दुकानात जाणाऱ्या मंडळींत वाजवणारा एक आणि मत देणारे चार, हे प्रमाण साधारण ठरलेलं असतं. वाजवणारा बहुधा अकरावीत असतो आणि त्याला बोलायची फारशी संधी मिळत नाही. वडील किंमतीचा कागद उलटून बघतात. आई रंग बघते आणि धूळ कुठे कुठे बसेल याचा अंदाज घेते. आजोबा आले असतील तर ते गिटार पालथी करून तिच्या पाठीवर, कलिंगड घेताना वाजवतात तशी, बोटाच्या पेरानं टकटक करतात आणि मान हलवतात. त्या मान हलवण्याचा अर्थ कलिंगडाच्या बाबतीतही आजवर कुणाला कळलेला नाही. चौथा म्हणजे मामा. कॉलेजात असताना गॅदरिंगला कधीकाळी वाजवायचा म्हणून ज्याला सगळं नातेवाईक मंडळ तज्ज्ञ समजतं, असा एक मामा प्रत्येक घरात असतो. आमच्या घरात तो मी.

या मामाला अलीकडे एकच प्रश्न विचारतात : "साधी घ्यायची की पिकअपवाली?"

साधी म्हणजे नुसती लाकडी. पिकअपवाली म्हणजे तीच, पण बुडाशी वायर खोचायला एक भोक आणि वरच्या कडेला, वाजवणाऱ्याच्या हनुवटीखाली येईल अशी, प्लास्टिकची एक पेटी. पेटीवर चार सरकत्या खुंट्या, एक-दोन बटणं आणि इवलासा पडदा. "नाही लावली वायर तर साधी, लावली तर इलेक्ट्रिक. थोडेच पैसे जास्त जातील, पण उद्या स्टेजवर वाजवायची वेळ आली तर?" दुकानदार असं म्हणतो आणि 'स्टेज' ऐकताच आईच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो, तिथेच सौदा पटतो. वडिलांनाही एकात दोन मिळाल्याचं समाधान असतं. मामाचं मत मग औपचारिकतेपुरतं उरतं. ते तिथे कुणी ऐकलं नाही, म्हणून इथे सविस्तर मांडतो.

अडचण अशी की या वाद्याचे गुण एका रकान्यात आणि दोष दुसऱ्या रकान्यात मांडून बेरीज-वजाबाकी करता येत नाही. वायर नसताना जो गुण असतो, नेमका तोच वायर लावली की दोष होतो. आणि उलट.

लाकडापासून सुरुवात करू. गिटारची वरची फळी, जिच्यावर तारांचा पूल चिकटवलेला असतो, ती चांगल्या गिटारीत स्प्रूस या थंड मुलखातल्या झाडाची असते. जाडी जेमतेम तीन मिलिमीटर. सहा तारा मिळून तिला सत्तर-पंच्याहत्तर किलोच्या ताकदीनं ओढत असतात. म्हणजे एक भरल्या घरचा गृहस्थ त्या फळीला रात्रंदिवस लोंबकळतोय असं समजा. तरी तिनं मोडायचं नाही, आणि थरथरायचं मात्र मनमुराद. त्यासाठी आतून तिरप्या पट्ट्या चिकटवतात आणि त्या पट्ट्या हलक्या हातानं तासून तासून जीव जाईपर्यंत बारीक करतात. हे सगळं झालं की कारखान्यात दुसरा माणूस येतो आणि त्या खोक्याच्या कुशीत मोबाइलएवढं चौकोनी भोक पाडून तिथे प्लास्टिकची पेटी बसवतो. पहिल्या माणसाला त्या वेळी बहुधा चहाला पाठवत असावेत.

मागच्या आणि कडेच्या लाकडाची गोष्ट आपल्या जवळची आहे. ब्राझीलच्या शिसवाची आवक आटली तेव्हा अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनं १९६९ मध्ये भारतीय शिसव वापरायला सुरुवात केली. आपल्या आजीच्या काळचे पलंग आणि देव्हारे ज्या जातीच्या लाकडाचे असायचे, तेच हे. दक्षिणेतल्या जंगलातून निघालेला ओंडका सातासमुद्रापार पेन्सिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावी जायचा, तिथे गिटार व्हायचा आणि आयात शुल्क भरून पुन्हा मुंबईत धोबी तलावाच्या दुकानात टांगला जायचा. २०१७ मध्ये शिसवाच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराची बंधनं आली तेव्हा गिटार घेऊन परदेशी दौऱ्यावर निघालेल्या वादकांच्या पोटात गोळा आला. २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. आपल्या देव्हाऱ्याला मात्र कुणीच कधी कागदपत्रं विचारली नाहीत.

तर लाकूड. दुकानदार म्हणतो, "सॉलिड टॉप आहे सर." खरंखोटं करायला मधल्या गोल भोकाच्या कडेकडे निरखून बघायचं. फळीवरच्या बारीक उभ्या रेघा कडेवरून वळून तशाच आत उतरलेल्या दिसल्या तर लाकूड अखंड. कडेला थर दिसले तर प्लाय. आणि कडेला काळा रंग फासलेला असला तर थर दिसू नयेत म्हणून कुणीतरी काळजी घेतली आहे. अशा वेळी दुकानदाराकडे बघू नये. तो तेव्हा काउंटरखाली वाकून तुम्हाला भेट द्यायला, तारा छेडायच्या 'पिक'ची डबी शोधत असतो.

अखंड लाकडाची गिटार खोलीत वाजवली तर काय बहार येते, हे मी सांगायला नको. सूर छातीला जाणवतो, एक तार छेडली तर बाकीच्या आपोआप गुणगुणतात. प्लायची त्या मानानं मुकी. मग प्लायवर काट मारायची का? थांबा. आता वायर लावा.

वायर लावली की आवाज स्पीकरमधून बाहेर येतो. तो येऊन त्याच फळीवर आदळतो. मनमुराद थरथरायला शिकवलेली फळी, ती याही आवाजानं थरथरते. पिकअप ती थरथर इमानानं टिपतो आणि पुन्हा स्पीकरकडे धाडतो. अशा दोन-चार फेऱ्या झाल्या की 'हूंऽऽऽ' असा एक हुंकार उठतो, तो वायर उपटेपर्यंत थांबत नाही. त्यातही खोक्याच्या आतल्या हवेची स्वतःची एक लाडकी पट्टी असते, मोठ्या गिटारीत साधारण १०० हर्ट्झच्या आसपास. जाड तारेच्या तिसऱ्या पट्टीवर बोट ठेवलं की नेमका तिच्या शेजारी सूर निघतो आणि खोका भरून येतो. लाकूड जितकं गुणी, तितका हुंकार लवकर. प्लायची फळी स्वभावानंच आळशी. ती स्पीकरचं बोलणं मनावर घेत नाही.

हे अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीला फार आधी उमगलं होतं. १९५४ मध्ये त्यांनी जे-१६०ई नावाची वायरवाली गिटार काढली आणि तिला प्लायची फळी बसवली. नुसती वाजवली तर अगदीच बेताची. १९६२ मध्ये लिव्हरपूलच्या दोन पोरांनी तशा दोन गिटारी घेतल्या, एक जॉन लेननची, एक जॉर्ज हॅरिसनची. १९६४ मध्ये 'आय फील फाइन' या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात लेननची गिटार स्पीकरपाशी गेली आणि तो आळशी प्लायसुद्धा हुंकारला. त्या हुंकारानंच गाणं सुरू होतं. लेननची हरवलेली मूळ गिटार २०१५ मध्ये लिलावात २४ लाख डॉलरच्या वर गेली. प्लायची. आमच्या सोसायटीत असा हुंकार उठला तेव्हा मात्र पहिल्या रांगेतल्या जोशीकाकूंनी कानातलं यंत्र काढून पर्समध्ये ठेवलं, आणि इतिहास तिथेच थांबला.

यावर बाजारात उपाय मिळतो. काळ्या रबराची एक थाळी असते, ती गिटारच्या गोल भोकात घट्ट बसवायची. म्हणजे आधी भोकाच्या गिटारीला पैसे मोजायचे, मग भोक बुजवायला मोजायचे. उपाय गुणकारी आहे, हे वर सांगायला जड जातं.

आता पिकअप. पुलावरच्या ज्या पांढऱ्या पट्टीवर तारा टेकलेल्या असतात, तिच्या पोटाखाली एक चपटी पट्टी दडवलेली असते. तिच्यात असे स्फटिक असतात की त्यांच्यावर दाब पडला की वीज निर्माण होते. हे १८८० मध्ये पॅरिसमध्ये पिएर आणि जाक क्युरी या भावांनी दाखवून दिलं. (पुढे पिएरची बायकोच दोघांहून जास्त गाजली.) हेच तत्त्व आपल्या ओट्यावरच्या गॅसच्या लायटरमध्ये आहे. बटण दाबलं की आतली हातोडी स्फटिकावर 'टक्' आपटते आणि ठिणगी पडते. लायटरमधल्या स्फटिकाला सणसणीत फटका बसतो, म्हणून तो हजारो व्होल्टनं बोलतो. गिटारीतल्या स्फटिकावर तारेची नुसती झुळूक येते, म्हणून त्याचं बोलणं इतकं क्षीण की स्पीकरपर्यंत पोचवायला मध्ये कुणीतरी लागतो. तो मध्यस्थ म्हणजे कडेची पेटी, प्रीअँप. त्याची दलाली नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीनं चुकवायची. त्या बॅटरीकडे पुन्हा येऊच. तिच्याकडे पुन्हा यावंच लागतं.

मायक्रोफोन हवेतला आवाज ऐकतो. हा स्फटिक हवेकडे ढुंकून बघत नाही, त्याला फक्त पुलावरचा दाब कळतो. त्यामुळे शेजारचा ढोल, गायकाचं खोकणं, कुणाच्या तरी बाळाचं रडणं, यातलं काही तो फारसं मनावर घेत नाही. हा मोठा गुण, आणि मंडपात तो सोन्याच्या मोलाचा. पण शर्टाचं बटण खोक्याच्या पाठीला घासलं की ते ऐकतो. हातातलं कडं फळीला लागलं की ते ऐकतो. करंगळी टेकली, मनगट सरकलं, पट्ट्याचं बक्कल खुट् झालं, सगळं हजार माणसांना ऐकवतो. आणि जोरात झोडलं की गिटार नाकात बोलायला लागते. हळुवार छेडली तर बरी असते, ताल धरला की सर्दी. चौथी खुंटी, जिच्यावर 'प्रेझेन्स' लिहिलेलं असतं, ती वर नेली की सर्दी जास्त ठळक होते. वाजवणारे म्हणतात खुंटी खाली ठेवा. पेटीवरच्या खुंट्या खाली ठेवण्यासाठी असतात, हे दुकानात कुणी सांगत नाही.

हा दाबाचा पिकअप लोकांच्या तोंडी बसवला तो एका हेलिकॉप्टरवाल्यानं. चार्ल्स कामन नावाचा हा अमेरिकन इंजिनीअर हौशी गिटारवादक होता आणि १९४५ पासून हेलिकॉप्टर बनवायचा. हेलिकॉप्टरमध्ये थरथर हा शत्रू. तिचा अभ्यास करण्यात, ती मारण्यात त्याची हयात गेली. त्या माणसानं १९६६ मध्ये ठरवलं की आता थरथर वाढवून बघू. त्यानं काचतंतूच्या पदार्थाचं गोल पाठीचं खोकं केलं, वर स्प्रूसची फळी बसवली आणि 'ओव्हेशन' नाव दिलं. पुढे १९७० च्या सुमारास पुलाखाली दाबाचा पिकअप घातला. ग्लेन कॅम्पबेल हा गायक टीव्हीवर ती गिटार घेऊन यायचा, त्यामुळे ती घरोघरी पोचली. आवाज स्टेजवर खणखणीत. दोष एकच, पण तो दर सेकंदाला जाणवणारा : गोल पाठ मांडीवर टिकत नाही. बसून वाजवताना ती पोटावरून हळूहळू पुढे घसरत जाते आणि शेवटी वाजवणारा आणि वाद्य दोघंही छताकडे बघायला लागतात. चाळिशीनंतर वाजवणाऱ्याचीही बाजू गोल झालेली असते, तेव्हा तर दोन घुमटांची गाठ पडते.

हे झालं परदेशचं. आपल्याकडे पिकअपवाल्या गिटारची खरी परीक्षा दुकानात होत नाही. दुकानात एसी असतो, गालिचा असतो, गिटारच्या किंमतीच्या तिप्पट किंमतीचा अँप असतो आणि दुकानदाराचा तो पोरगा वाजवून दाखवायला असतो, ज्याच्या हातात खराटा दिला तरी गोड वाजेल. खरी परीक्षा सोसायटीच्या गणेशोत्सवात, विविध गुणदर्शनाच्या संध्याकाळी. माझं म्हणणं आहे की दुकानदारांनी मागच्या बाजूला एक छोटा पत्र्याचा मंडप उभारून ठेवावा आणि गिऱ्हाइकाला तिथे नेऊन ऐकवावं.

आमच्याकडे भाच्यानं सकाळच्या आरतीनंतरच वायर खोचली. साउंड चेक. साउंडवाला आला नव्हता, पण चेक झालं. वायर तशीच राहिली. आता या गिटारीत एक गंमत असते : चालू-बंदचं बटण नसतं. वायर खोचली की प्रीअँप चालू, उपटली की बंद. ही माहिती गिटारसोबत आलेल्या घडीच्या कागदावर असते आणि तो कागद गिटार ज्या खोक्यातून आली त्या खोक्यात, आणि खोकं माळ्यावर. बॅटरी सकाळपासून रात्री आठपर्यंत मोदकाच्या वासात शांतपणे संपत होती.

साउंडवाला सात वाजता आला. त्याला गिटारची वायर दाखवली. "कीबोर्ड आहे का?" नाही म्हटल्यावर त्यानं मिक्सरवरची जी एकच जागा मोकळी होती तिथे ती खोचली. त्या जागी आधी निवेदिकेचा माइक होता आणि तिला 'भारदस्त' करण्यासाठी त्यानं इको वाढवून ठेवला होता. पहिला कॉर्ड वाजला तो पार्किंगमधून, मग जिन्यातून, मग पाण्याच्या टाकीवरून परत आला. तोवर दुसरा निघाला होता. इको कमी केल्यावर खजिनदार म्हणाले, "बास नाही रे येत. बास वाढव." भाच्यानं पहिली खुंटी वर केली. हूंऽऽऽ. सगळ्यांनी गणपतीकडे बघितलं. खुंटी खाली. "आता अगदीच पातळ येतंय," असं दुसऱ्या काकांनी सांगितलं. ते रोज सकाळी बागेत गाणारे, म्हणून त्यांचा शब्द मानावा लागतो. मधली खुंटी वर. सर्दी. मग कुणीतरी 'फेज' लिहिलेलं बटण दाबलं. हे बटण काय करतं हे दाबणाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, पण त्याला अर्थ आहे : ते आवाजाची लाट उलटी करतं. स्पीकर आणि फळी एकमेकांच्या सुरात सूर मिळवून हुंकारत असतील तर त्यांची युती तुटते. कधी तुटते, कधी नवी होते. आमच्याकडे तुटली. तेवढ्यात आवाज घोगरा झाला, चरचरला, आणि गिटार गप्प.

नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी किराणा दुकानात मिळत नाही. पेन्सिल सेल मिळतात, मोठे सेल मिळतात, अगरबत्ती मिळते. त्या बॅटरीचं गाव वेगळं : इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान, आणि ते गणेशोत्सवात संध्याकाळी बंद, कारण मालक दुसऱ्या मंडळाचा अध्यक्ष. शेवटी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या मल्टिमीटरमधून एक निघाली. ती चालू आहे की नाही हे बघायला मल्टिमीटर वापरता आला असता, पण त्याचीच बॅटरी काढली होती. मग खजिनदारांनी ती दोन टोकांनी जिभेच्या शेंड्याला टेकवली, डोळे मिटले, आणि "आहे, आहे" म्हणाले. नऊ व्होल्टची ही जीभ-परीक्षा कोकणापासून विदर्भापर्यंत एकाच पद्धतीनं होते, आणि तिचा निकाल चुकल्याचं ऐकिवात नाही. बॅटरी पेटीच्या कप्प्यात बसवायला दार उघडावं लागतं, ते नखानं उघडतं. खजिनदारांची नखं कापलेली होती. एका कॉलेजकन्येनं ते एका झटक्यात उघडलं आणि भाचा तिच्याकडे बघत राहिला. त्या संध्याकाळी गिटारला मिळालेले सगळ्यात जास्त गुण त्या दाराचे होते.

मग गाणं झालं, चांगलं झालं. पण त्या गाण्यात स्प्रूस किती ऐकू आला? शिसव किती? काही नाही. पुलाखालची ती चपटी पट्टी ऐकू आली, साउंडवाल्याचा कर्णा ऐकू आला आणि जवळच्या चौकातला ढोल ऐकू आला. पाच हजारांची प्लायची गिटार आणि पन्नास हजारांची अखंड लाकडाची, दोघींना त्या मंडपात वाजवलं असतं तर पहिलीच उजवी ठरली असती, कारण ती हुंकारली नसती. म्हणून मामाचं मत असं : पोरगं शिकाऊ असेल तर पैसे लाकडात आणि मानेत घालावेत. पिकअप नंतर बसवून घेता येतो. लाकूड नंतर बसवता येत नाही. आणि ज्याला दर आठवड्याला लग्नाच्या संगीतात वाजवून चार पैसे मिळवायचे आहेत त्यानं लाकडाच्या गप्पा खुशाल सोडून द्याव्यात, बरा पिकअप बघावा आणि खिशात एक जादा बॅटरी ठेवावी. दुकानदाराला यातलं पहिलं मत आवडत नाही, दुसरं बरं वाटतं. आईला दोन्ही आवडत नाहीत, कारण दोन्हींत स्टेज पुढे ढकललं जातं किंवा लग्नाच्या संगीतात होतं.

वायरीचा कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही, हेही भाच्याला सांगितलं. 'अनप्लग्ड' नावाचा जो अमेरिकन टीव्ही कार्यक्रम होता, ज्याच्या नावातच वायर काढल्याची घोषणा आहे, त्यात १९९३ मध्ये न्यूयॉर्कला निर्वाणा या बँडचा कर्ट कोबेन बसला तो १९५९ सालची मार्टिनची डी-१८ई घेऊन. हे मॉडेल म्हणजे मार्टिननं आपल्या चांगल्या लाकडी गिटारीला पिकअप ठोकून बघितला होता तो प्रयोग. जेमतेम तीनशे बनल्या आणि कंपनीनं नाद सोडला. कोबेनला ती वायर लावून अँपमधूनच वाजवायची होती. नाव अनप्लग्ड, आणि अँप तर हवा. मग निर्मात्यांनी अँपसमोर लाकडी खोटं खोकं उभं केलं, म्हणजे प्रेक्षकांना वाटावं की हा गायकापुढे ठेवतात तो साधा स्पीकर आहे. २०२० मध्ये ती गिटार ६० लाख डॉलरना विकली गेली. वायर न लावल्याबद्दल प्रसिद्ध झालेल्या वायरवाल्या गिटारला तोवरचा जगातला सर्वांत जास्त भाव आला, हे ऐकून भाच्याला धीर आला. वडिलांनी मात्र पुन्हा एकदा पावती शोधली.

गणपती गेले की पिकअपवाल्या गिटारचं वर्ष सुरू होतं, आणि ते पलंगावर जातं. वायर कपाटात, पेटीवर धूळ, आईचा अंदाज बरोबर. उरते नुसती लाकडी गिटार, कुशीत भोक पाडलेली. पावसाळ्यात तिची फळी ओल धरते, फुगते, पूल वर उचलला जातो आणि तारा बोटांपासून दूर जातात. बाराव्या पट्टीपाशी तार अडीच मिलिमीटर उंच असावी ती चारवर जाते. चारवर गेलेल्या तारांवर एफ हा कॉर्ड धरायचा म्हणजे पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबायचं. महाराष्ट्रातल्या माळ्यांवर ज्या गिटारी आहेत त्यांतल्या बऱ्याच एफपाशी पोचून तिथे गेल्या आहेत. गिटारला हवेत पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के ओल लागते, असं बनवणारे सांगतात. जुलैतल्या मुंबईनं हे ऐकलेलं नाही. नव्या बुटांच्या खोक्यातल्या त्या पांढऱ्या दाण्यांच्या पुड्या गिटार ठेवायच्या पेटीत टाकून ठेवाव्यात, थोडा फरक पडतो. बूट तसेही पावसात भिजणारच असतात.

आणि तरी त्या प्लास्टिकच्या पेटीतली एक गोष्ट वर्षभर, वायर न लावता, रोज उपयोगी पडते : ट्यूनर. बटण दाबलं, तार छेडली की पडद्यावर अक्षर येतं, सूर बरोबर लागला की हिरवा दिवा. पूर्वी तार लावताना आमच्यासारख्यांचे जे कान तयार व्हायचे ते आता होत नाहीत, ही तक्रार मी नोंदवून ठेवतो. पण बेसूर गिटार ऐकण्यापेक्षा हिरवा दिवा बरा.

तळमजल्यावरच्या काकू गाण्याचे क्लास घेतात. त्यांच्याकडे मिरजेचा जुना तंबोरा आहे. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते त्यांनी गेटवरच्या वॉचमनलाही सांगितलं होतं. त्यांची हार्मोनियम दुरुस्तीला गेलेली, मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर त्यांचा विश्वास नाही आणि क्लासच्या मुली यायची वेळ झालेली. भाचा जिन्यात गिटार घेऊन बसला होता.

"अरे बाळा, तुझ्या त्या डबीत काळी चार आहे का?"

भाच्याला काळी चार म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मी वरच्या पायरीवरून सांगितलं, तिसरी तार, पहिली पट्टी. त्यानं आधी हिरवा दिवा लावून घेतला, मग तिथे बोट ठेवून वाजवायला लागला. काकूंनी गवसणी काढली, तंबोरा उभा धरला आणि जोडाच्या तारा पिळायला घेतल्या. "थांबू नकोस हं, वाजवत राहा." तो वाजवत राहिला. दिवा हिरवा होता, पण काकूंनी त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही. जोड झाली, पंचम झाला, खर्ज व्हायला वेळ लागला, मग जव्हारीवर तारांखाली दोरा सरकवण्यात आणखी. भाचा तोच एक सूर, न बदलता, बोट लाल होईपर्यंत काढत होता. एफसाठी इतका दम त्यानं कधी दाखवला नव्हता.

तंबोरा घुमायला लागल्यावर काकूंनी गिटार हातात घेतली, बुडापासून मानेपर्यंत नीट बघितली, मधल्या भोकात डोकावल्या, कडेच्या पेटीवरून बोट फिरवून धूळ पुसली.

"वाद्य गोड आहे हो," त्या म्हणाल्या. "दोन तारा उगाच जास्त लावल्यात."